गालिचे विकणारी चाया आणि माझ्या डेटामधला एक रकाना

गेले दोन महिने मी एका एक्सेल शीटसमोर बसून आहे. जवळजवळ हजारभर ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस, पण नाव नाही, नुसता कोड. पुढे रकाने : देश, लिंग, समूह. माझी पीएचडी लोकसंख्या-आनुवंशिकीत आहे. म्हणजे माणसांचे समूह कसे बनले, कुठून कुठे गेले आणि त्या प्रवासात कुठले आजार सोबत घेऊन गेले, हे डीएनएवरून शोधायचं. त्यात तुलनेसाठी मी युरोपातल्या रोमा लोकांचा आधीच प्रसिद्ध झालेला डेटा वापरतेय. समूहाच्या रकान्यात त्यांच्यापुढे एकच शब्द आहे : रोमा.

एकदा लॅब मीटिंगमध्ये माझ्या सरांनी सहज विचारलं, "हे लोक करतात काय? राहतात कसे?" मी उत्तर दिलं, "भटके आहेत सर, पारंपरिक व्यवसाय घोड्यांचा व्यापार." बोलून झाल्यावर माझं मलाच कसंतरी वाटलं. ज्यांच्या जनुकांवर मी तीन वर्षं काम करतेय त्यांच्याबद्दल मला एका ओळीपलीकडे काही सांगता येत नव्हतं. आणि ती ओळही कुठल्यातरी पेपरच्या प्रस्तावनेतून उचललेली.

म्हणून मी वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता चाया स्टोइका भेटली. व्हिएन्नातली रोमा बाई. आयुष्यातली बरीच वर्षं तिनं मुलं वाढवली आणि गालिचे विकले. आज तिची ओळख लेखिका आणि चित्रकार म्हणून आहे, पण या लेखात मला तिच्या धंद्याबद्दल जास्त बोलायचंय. कारण माझ्या विषयातल्या लोकांनी सगळ्यात मोठी चूक तिथेच केली होती.

आधी थोडं शास्त्र

रोमा म्हणजे कोण? ‘जिप्सी’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. हे लोक इजिप्तमधून आले असावेत, या युरोपीय लोकांच्या गैरसमजातून तो तयार झाला. जर्मन भाषेतला त्यांच्यासाठीचा जुना शब्द आहे ‘त्सिगॉयनर’, आणि तो आज शिवीसारखाच ऐकू येतो. ‘रोम’ हा मात्र त्यांच्या स्वतःच्या भाषेतला शब्द. अर्थ : पुरुष, नवरा. बायको म्हणजे ‘रोमनी’.

ते मुळात भारतातून गेले हे आधी भाषेवरून कळलं. रोमानी भाषेत एक ते दहा मोजून बघा : येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव, एफ्ता, ओख्तो, एन्या, देश. सहापर्यंत आपलेच वाटतात ना? सात, आठ, नऊ हे ग्रीक आहेत, आणि दहाला परत आपल्याकडचे. पाणी म्हणजे ‘पानी’, मीठ म्हणजे ‘लोन’, नाक म्हणजे ‘नाख’.

मला सगळ्यात आवडले ते बाजारातले शब्द. विकण्यासाठी रोमानीत ‘बिकिन’ असा धातू आहे. आपलं ‘विकणे’ आणि तो, दोघंही संस्कृत ‘विक्री’च्या घरातले. विकत घेणं म्हणजे ‘किन’, संस्कृत ‘क्रीणाति’शी नातं सांगणारा. पण घोड्याला शब्द आहे ‘ग्रास्त’, तो आर्मेनियन भाषेतून आलाय. घोड्याचा नाल ‘पेतालो’ आणि रस्ता ‘द्रोम’, हे दोन्ही ग्रीक. गावासाठीचा ‘फोरो’ हा शब्द तर ग्रीक भाषेतल्या बाजाराच्या शब्दावरून आलाय. म्हणजे घेणं-विकणं हे शब्द इथून गेले, आणि काय विकायचं, कुठे विकायचं याचे शब्द वाटेत मिळत गेले. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जनुकांची साक्ष नंतर आली. २०१२ साली युरोपातल्या तेरा रोमा समूहांच्या जीनोमचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्यांचा मूळ गट वायव्य भारताकडचा, सुमारे १५०० वर्षांपूर्वी वेगळा झालेला, आणि बाल्कन प्रदेशातून युरोपभर पसरायला सुरुवात झाली ती सुमारे ९०० वर्षांपूर्वी. निघालेली माणसं थोडी होती. समजा, धान्याच्या मोठ्या पोत्यात हजारात एखादा लाल दाणा आहे. तुम्ही मूठभर धान्य काढलंत आणि योगायोगानं त्यात दोन लाल दाणे आले. आता ती मूठ पेरून जे पीक येईल त्यात लाल दाण्यांचं प्रमाण मूळ पोत्यापेक्षा कितीतरी जास्त असेल. यालाच आम्ही संस्थापक परिणाम म्हणतो.

याचा खरा उपयोग आहे. स्नायू दुबळे करणारा, पापण्या खाली ओढणारा एक जन्मजात आजार आहे. सीएचआरएनई नावाच्या जनुकातलं एकच अक्षर गळाल्यामुळे तो होतो. ही नेमकी चूक रोमा कुटुंबांत सापडते आणि भारत-पाकिस्तानातल्या काही कुटुंबांतही सापडते. कुठे शोधायचं हे माहीत असेल तर बाळाचं निदान लवकर होतं. माझं काम याच प्रकारचं आहे आणि ते मला महत्त्वाचं वाटतं, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी माझ्याच विषयावर उठले आहे.

(एक सूचना : "रोमा म्हणजे आपले बंजारा" असे मेसेज फिरत असतात. भारतातल्या आजच्या कुठल्याही एका जातीवर बोट ठेवून "हेच ते" असं म्हणावं इतका पुरावा नाही.)

घोडेवाल्यांची मुलगी

चायाचा जन्म २३ मे १९३३ चा, ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतातल्या क्राउबाथ गावातला. सहा भावंडांत ती पाचवी. घरचे लोक लोवारा, म्हणजे रोमांमधला एक गट. हंगेरियन भाषेत घोड्याला ‘लो’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. उन्हाळ्यात घोडागाडीतून गावोगाव फिरायचं, घोडे घ्यायचे-विकायचे आणि हिवाळ्यात व्हिएन्नाला यायचं. बायका दारोदार कापड वगैरे विकायच्या.

आपल्याकडे गल्लीत बोहारीण यायची ना, जुने कपडे घेऊन भांडी देणारी? तिला प्रत्येक घर माहीत असायचं. कुठली वहिनी घासाघीस करते, कुणाच्या घरी लग्न झालंय, कुठे दार वाजवायचंच नाही. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात मिळत नाही, आईबरोबर फिरून मिळतं. फिरत्या धंद्याचं भांडवल बऱ्याच अंशी हेच असतं.

१९३८ मध्ये नाझी जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९३९ मध्ये हुकूम निघाला की रोमा आणि सिंती लोकांनी आहे ती जागा सोडायची नाही. (सिंती हा जर्मन भाषिक भागातला दुसरा गट.) चायाच्या वडिलांनी व्हिएन्नात आपल्या गाडीचं लाकडी घर करून टाकलं. घोड्यांच्या व्यापाऱ्याला फिरायला बंदी म्हणजे शेतकऱ्याला शेतात पाय टाकायला बंदी. एका कागदानं धंदा बुडाला. मग हेच लोक काम न करणारे, समाजावर ओझं असलेले, असं म्हणायला सरकार मोकळं झालं.

आणि इथे शास्त्रज्ञ येतात

बर्लिनमध्ये १९३६ पासून एक संशोधन केंद्र चालू होतं. प्रमुख होता रॉबर्ट रिटर नावाचा डॉक्टर. त्याची माणसं वस्त्यांमध्ये जाऊन वंशावळी लिहून घ्यायची, डोकी मोजायची, डोळ्यांचा रंग नोंदवायची, रक्त घ्यायची. सुमारे २४,००० माणसांवर या केंद्रानं अभिप्राय लिहिले : हा ‘शुद्ध’, हा ‘मिश्र’. रिटरचं म्हणणं असं की भटकेपणा आणि गुन्हेगारी या लोकांच्या रक्तातच आहे, मिश्र रक्ताच्या लोकांत तर जास्तच.

त्याची सहकारी होती एफा युस्टीन. ती रोमानी बोलायला शिकली. तिच्या लाल केसांमुळे लोक तिला ‘लोली चाय’, म्हणजे लाल पोरगी, म्हणायचे. इतका जवळचा वावर. तिनं पीएचडी केली ती जर्मनीतल्या मुल्फिंगेन गावच्या अनाथाश्रमातल्या सिंती मुलांवर. या मुलांच्या आईवडिलांना आधीच छावण्यांत पाठवलेलं होतं. मुलांना मात्र तिथेच ठेवलं, कारण अभ्यास चालू होता. प्रबंधाचं काम संपलं, आणि मे १९४४ मध्ये जवळपास चाळीस मुलांना आउशवित्झला नेलं गेलं. त्यातली चार वाचली.

हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप बंद करून ठेवला. मीही पीएचडीच करतेय. माझ्याही शीटमध्ये कोड आहेत. मी काही ती नाही, काळ वेगळा, कायदे वेगळे, हेतू वेगळा. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. तिचा प्रबंध ज्यांनी तपासला त्यांना तो पीएचडीच्या लायकीचा वाटला होता.

डिसेंबर १९४२ मध्ये हिमलरचा हुकूम निघाला आणि रोमा कुटुंबांना आउशवित्झ-बिर्केनाउला पाठवायला सुरुवात झाली. चायाच्या वडिलांना त्याआधीच दाखाउच्या छावणीत नेलं होतं. १९४२ साली हार्टहाइम इथे त्यांना मारण्यात आलं. मार्च १९४३ मध्ये आई आणि मुलं बिर्केनाउला पोचली. चायाला तेव्हा दहावं वर्ष पूर्ण व्हायचं होतं. तिच्या हातावर गोंदलं : ‘झेड ६३९९’. झेड हे अक्षर ‘त्सिगॉयनर’चं. सगळ्यात धाकटा भाऊ ओस्सी तिथेच आजारानं गेला.

तिथून राव्हेन्सब्रुक, मग बेर्गेन-बेल्सेन. शेवटच्या त्या छावणीत खायला काहीही नव्हतं. आई आणि चाया झाडाची पानं, खोडाचा चीक खाऊन जगल्या. वाऱ्यापासून आडोसा म्हणून त्या प्रेतांच्या मध्ये बसायच्या, असं चायानं पुढे सांगितलंय. १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश सैन्य आलं आणि त्या सुटल्या.

आई आणि सहापैकी पाच मुलं वाचली, ही नवलाची गोष्ट. ऑस्ट्रियातल्या सुमारे ११,००० रोमा-सिंतींपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक मारले गेले. चायाच्या दोनशेएक माणसांच्या गोतावळ्यातून हे सहा जणच उरले.

परत व्हिएन्ना, परत धंदा

मायलेकी व्हिएन्नापर्यंत बराचसा प्रवास पायी करत आल्या, त्यात काही महिने गेले. आल्या तेव्हा ना घर, ना घोडा, ना गाडी. चाया बारा वर्षांची. शाळेत गेली, पण लहान लहान मुलांच्या वर्गात बसावं लागलं आणि फार काळ टिकली नाही. १९४९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिला मुलगा झाला, होयदा. १९५१ मध्ये मुलगी सिल्व्हिया, १९५५ मध्ये यानो.

आता विचार करा. वीस-बावीस वर्षांची बाई, पदरात मुलं, शिक्षण जवळपास नाही, हातावर छावणीचा नंबर, आणि आजूबाजूला तेच शेजारी ज्यांनी युद्धाच्या काळात काही पाहिलंच नव्हतं. तिला नोकरी कोण देणार? तिनं तेच केलं जे आई करत होती. कापड घेऊन दारोदार जायचं. त्याच दारांवर थाप मारायची आणि हसून माल दाखवायचा. ज्या हातानं कापड उलगडायचं त्याच हातावर, बाहीखाली, नंबर.

पुढे कापडाच्या जागी गालिचे आले. घरोघरी हिंडणं कमी झालं आणि बाजारात विक्री सुरू झाली. हे का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. युद्धानंतर शेतात ट्रॅक्टर आले आणि घोड्यांची मागणी संपली. लोवारांचा जो ‘पारंपरिक’ धंदा मी मीटिंगमध्ये ठोकून सांगितला तो एका पिढीत मोडीत निघाला होता. शहरात नवी घरं होत होती, हाती थोडे पैसे येत होते, लोकांना जमिनीवर अंथरायला गालिचा हवा होता. चायाचे भाऊ कार्ल आणि मोंगो हेही गालिच्यांच्याच धंद्यात उतरले. घोड्याचा व्यापारी दात बघून वय सांगतो. गालिच्याचा व्यापारी उलटी बाजू बघून गाठी किती दाट आहेत ते सांगतो. माल बदलला. मालाची पारख, गिऱ्हाइकाची पारख आणि भाव करण्याची हातोटी तीच राहिली.

बाजारात गालिचे विकणं अंगमेहनतीचं काम आहे. गुंडाळी जड. पहाटे गाडीत चढवा, बाजारात उतरवा, गिऱ्हाईक आलं की उलगडा, नको म्हणालं की परत गुंडाळा. पाऊस आला की आधी माल झाका. घरी मुलं. चायानं १९८४ पर्यंत, पन्नाशी ओलांडेपर्यंत, हे काम केलं.

यानो मोठा होऊन जॅझ वाजवू लागला. १९७९ मध्ये अमली पदार्थांनी त्याचा जीव घेतला. छावणीतून जिवंत परत आलेल्या बाईला चोवीस वर्षांचा मुलगा असा गमवावा लागला. त्यानंतरही पाच वर्षं ती बाजारात उभी होती, एवढंच मी इथे लिहू शकते.

धंदा रक्तात असतो का?

आता मूळ प्रश्न. रिटर म्हणत होता, फिरणं हे यांच्या रक्तात आहे. आणि खरं सांगायचं तर मी सरांना दिलेलं उत्तरही त्याच्या फार लांब नव्हतं. ‘पारंपरिक व्यवसाय’ असं आपण म्हणतो तेव्हा डोक्यात नकळत ‘उपजत’ असंच असतं.

अपर्णा राव नावाच्या भारतात जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या, जर्मनीत काम करायच्या. त्यांनी संपादित केलेलं एक पुस्तक १९८७ साली आलं, ते याच विषयावर. ढोबळ मुद्दा असा : गुराखी भटके गवताच्या मागे फिरतात, पण काही भटक्यांचं कुरण म्हणजे गिऱ्हाईक असतं. एका गावात चाकूला धार लावणारा रोज लागत नाही. वर्षातून दोनदा लागतो. मग पोट भरायचं तर वीस गावं फिरायलाच हवीत. म्हणजे फिरणं हे अर्थशास्त्र झालं. त्याला जनुक लागत नाही.

चायाचं घर हा याचा सरळ पुरावा आहे. एकाच कुटुंबात घोडे, मग कापड, मग गालिचे. पुढच्या पिढीत संगीत. जनुकं तीच असताना दोन पिढ्यांत धंदे एवढे बदलले, कारण बंदी, युद्ध, ट्रॅक्टर, शहरं, कायदे या गोष्टी बदलल्या. वर सांगितलेले शब्दही हेच बोलतात. ‘विकणं’ सोबत नेलं, आणि घोडा, नाल, बाजार हे जिथे मिळाले तिथे घेतले.

तरी रिटरचं म्हणणं रिटरबरोबर संपलं नाही. शेजारच्या पश्चिम जर्मनीत भरपाईचे खटले चालू होते. १९५६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत रोमा-सिंतींना हाकललं ते वंशामुळे नाही, तर त्यांच्या गुन्हेगारी प्रवृत्तीला आळा घालण्यासाठी. म्हणजे त्या काळाची भरपाई नाही. १९६३ मध्ये न्यायालयानं स्वतःचीच भूमिका बदलली, पण तोवर कित्येक माणसं वाट बघत गेली होती. रिटर आणि युस्टीन या दोघांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. युस्टीनला तर युद्धानंतर फ्रँकफर्टच्या आरोग्य खात्यात नोकरी मिळाली.

आणि आपण नाक मुरडायचं कारण नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याकडचाच. पारधी, कैकाडी आणि इतर कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला तारांच्या कुंपणाची सेटलमेंट होती. कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या पालावर जातात हे तुम्हाला माहीत आहे. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आणि लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ वाचलं असेल तर मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. जर्मनी आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांचा या बाबतीत एकमेकांशी थेट संबंध असो-नसो, चूक एकच आहे : इतिहासानं जे केलं ते रक्ताच्या नावावर खपवणं.

स्वयंपाकघरातलं टेबल

चाया गालिचे विकत होती तेव्हाही घरात कागदाचे चिटोरे साठत होते. शाळा कमी झालेली, त्यामुळे जसं ऐकू येईल तसं लिहायचं. ऐंशीच्या दशकात कारीन बेर्गेर ही माहितीपट करणारी बाई छावण्यांतून वाचलेल्या स्त्रियांना शोधत तिच्यापर्यंत पोचली, आणि चायानं हे कागद तिला दाखवले. त्यातून १९८८ साली पुस्तक झालं. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘आम्ही लपून जगतो’ असा. ऑस्ट्रियातल्या रोमा बाईनं स्वतःची छावणीची आठवण सांगणारं हे अगदी सुरुवातीचं पुस्तक. आपण कोण हे उघड सांगायची समाजात तेव्हा भीती होती, आणि ती उगाच नव्हती. १९९५ मध्ये बुर्गेनलांड प्रांतातल्या ओबेरवार्ट इथे बॉम्बनं चार रोमा पुरुष मारले गेले.

१९८९ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, तिनं रंग हातात घेतले. कुठेही शिकली नव्हती. बोटांनी, काड्यांनी रंगवायची. पुढच्या वीसेक वर्षांत हजाराच्या घरात चित्रं झाली. काही काळीकुट्ट : तारा, बूट, कावळे, गवतात लपलेले डोळे. काही सूर्यफुलांची, घोडागाडीची, लहानपणच्या उन्हाळ्याची. सहीजवळ बहुतेकदा एक छोटी फांदी असते. ज्या झाडानं बेर्गेन-बेल्सेनमध्ये जगवलं त्याची आठवण.

१९९३ मध्ये ऑस्ट्रियानं रोमांना अधिकृत अल्पसंख्याक समूह म्हणून मान्यता दिली. चाया २८ जानेवारी २०१३ ला व्हिएन्नात वारली. पुढच्या वर्षी शहरातल्या एका चौकाला तिचं नाव दिलं गेलं. तिची चित्रं नंतर पॅरिस आणि माद्रिदमधल्या प्रदर्शनांत लागली.

हे सगळं मोठंच आहे. पण मला राहून राहून वाटतं की ती चित्रं शक्य झाली ती त्या आधीच्या चाळीस वर्षांमुळे. घर चाललं, मुलं वाढली, भाडं भरलं गेलं, म्हणून ते टेबल होतं.

मग माझ्या रकान्याचं काय?

चायाचा डीएनए माझ्या डेटात नाही, हे स्पष्ट सांगते. पण तिच्यासारख्या कुणाच्या तरी आजीचा, नातवाचा आहे. २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात काही संशोधकांनी एक लेख लिहिला. त्यांनी रोमांवरचे साडेचारशेहून अधिक आनुवंशिकी पेपर तपासले होते. निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. बऱ्याच ठिकाणी माणसांची संमती नीट घेतल्याचं दिसत नाही. आजाराच्या तपासासाठी किंवा तुरुंगात घेतलेले नमुने नंतर भलत्याच अभ्यासांत वापरले गेले. आणि एखाद्या एकाकी वस्तीतले नमुने अख्ख्या ‘रोमा’ समाजाचे म्हणून सांगितले गेले. मग त्यातून "रोमा फार बंदिस्त असतात" असा निष्कर्ष निघणारच, कारण निवडलीच बंदिस्त वस्ती.

मी सरांशी बोललो तसं आता तीन गोष्टी करायच्या ठरवल्यात. एक, ज्या डेटाचा संमतीचा कागद कुठेच सापडत नाही तो वगळायचा, मग नमुन्यांची संख्या कमी झाली तरी चालेल. (झाली. माझा एक आलेख पार लंगडा पडलाय, आणि सबमिशन पुढे ढकलावं लागेल असं दिसतंय.) दोन, समूहाच्या रकान्यात नुसतं ‘रोमा’ न लिहिता कुठला गट, कुठलं ठिकाण, नमुना कुणी आणि कशासाठी घेतला हेही लिहायचं. तीन, प्रबंधात ‘पारंपरिक व्यवसाय’ हे दोन शब्द येतील तिथे थांबून विचारायचं : कधीपासून? आणि कुणाच्या कायद्यामुळे?

मागच्या आठवड्यात सरांनी परत विचारलं, "हं, मग कळलं का हे लोक काय करतात?"

मी म्हटलं, "सर, त्यातली एक गालिचे विकायची." आणि मग पुढची वीस मिनिटं मीटिंग माझ्या आलेखावर नव्हती, चायावर होती.

पुढच्या लेखात संस्थापक परिणामाचं गणित जरा सविस्तर बघू, मुठीतल्या दाण्यांवरूनच. काही शंका असतील तर जरूर विचारा.